मालदीवला व्हिसा लागत नाही, मग काउंटरवर एवढे प्रश्न कशाला?

लग्नसराई संपत आली की ट्रॅव्हल कंपन्यांच्या जाहिरातींत मालदीव हमखास दिसतं. निळं पाणी, पाण्यावरच्या झोपड्या आणि कोपऱ्यात ठळक अक्षरांत ‘व्हिसा फ्री’. लोक ते वाचतात, पासपोर्ट उचलतात आणि मुंबई विमानतळावर चेक-इनच्या रांगेत उभे राहतात. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘इमुगाचा, म्हणजे आधीच ऑनलाइन भरायच्या फॉर्मचा, क्यूआर कोड दाखवा.’ मग हॉटेलचं बुकिंग, मग परतीचं तिकीट. व्हिसाच लागत नाही म्हणता, मग ही उलटतपासणी कसली?

जाहिरात खोटी नसते, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. व्हिसा काढून टाकला म्हणून तपासणी संपत नाही. ती वकिलातीतून उठून विमान कंपनीच्या काउंटरवर आणि मालेच्या विमानतळावर येऊन बसते. एवढं लक्षात घेतलं की पुढचे सगळे नियम आपोआप जागेवर बसतात.

व्हिसा म्हणजे नक्की काय?

व्हिसा म्हणजे ‘तुम्ही आमच्या दारापर्यंत येऊ शकता’ अशी आगाऊ दिलेली परवानगी. दारापर्यंतच, घरात नव्हे. आत घ्यायचं की नाही हे सीमेवरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असलेल्या माणसालाही न्यूयॉर्कच्या विमानतळावरून परत पाठवता येतं, ते याच कारणाने.

मालदीवने यातला पहिला टप्पा गाळला आहे. कुठल्याही वकिलातीत अर्ज करायचा नाही, मुलाखत नाही, फी नाही. तिथे उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का मिळतो. याला ‘व्हिसा ऑन अरायव्हल’ म्हणतात. शहरातल्या सोसायटीच्या गेटवर जसं होतं तसंच हे आहे. आत यायला तुम्हाला आमंत्रणपत्रिका लागत नाही, पण वॉचमन विचारतोच: कोणाकडे जायचंय, फ्लॅट नंबर काय, वहीत नाव लिहा. उत्तर देता आलं नाही तर तो गेट उघडत नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

एवढं उदार व्हायला त्यांना परवडतं कसं?

याचं उत्तर भूगोलात आहे. मालदीव म्हणजे सुमारे 1,200 प्रवाळ बेटं, त्यातली दोनशेच्या आसपास वस्तीची. 2022च्या जनगणनेत लोकसंख्या भरली सव्वापाच लाखांच्या आत. शेजारच्या देशाशी जमिनीवरची सीमाच नाही. जवळपास सगळे पर्यटक हुळहुले बेटावरच्या वेलाना विमानतळावर उतरतात. तिथून पुढे रिसॉर्टला जायचं तर बोट नाहीतर सीप्लेन. पाहुणा कुठे उतरला, कधी निघणार, हे सगळं नोंदीत असतं आणि गर्दीत मिसळून नाहीसं व्हायला तिथे जागाही फारशी नाही. ज्या देशाला हजारो किलोमीटरची सीमा राखायची आहे, त्याला ही चैन परवडत नाही.

दुसरं कारण पैशाचं. तिथे पर्यटन सुरू झालं 1972 मध्ये, राजधानी मालेजवळच्या कुरुंबा बेटावर. त्याआधी देश प्रामुख्याने मासेमारीवर जगायचा. आज देशाचं परकीय चलन मुख्यतः पर्यटकांच्या खिशातून येतं. 2024 मध्ये 20 लाखांहून जास्त पर्यटक तिथे आले, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ चौपट. एवढ्या लोकांचे अर्ज तपासायला जगभर वकिलाती उघडायच्या म्हटल्या तर या छोट्या देशाचं दिवाळं निघेल. त्यापेक्षा दार उघडं ठेवायचं आणि दारात नीट बघायचं, हे त्यांच्या सोयीचं आहे.

तीस दिवस की नव्वद?

सर्वसाधारण नियम असा की कुठल्याही देशाच्या पर्यटकाला उतरल्यावर 30 दिवसांची मुदत फुकट मिळते. भारतीय पासपोर्टला मात्र 90 दिवस. यामागे दोन्ही देशांमधला व्हिसा करार आहे, जो मार्च 2019 पासून लागू झाला. पर्यटन, व्यवसायाच्या भेटी, उपचार आणि शिक्षण ही कामं त्यात येतात. करार दोन्ही बाजूंनी चालतो. मालदीवचे नागरिक भारतात, विशेषतः केरळमध्ये, उपचारांसाठी मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यासाठी ही सवलत आपल्या हनीमूनपेक्षा कितीतरी जास्त मोलाची आहे.

2024च्या जानेवारीत दोन्ही देशांत बिनसलं आणि समाजमाध्यमांवर बहिष्काराची हाक उठली, ती अनेकांना आठवत असेल. त्याचा परिणाम आकड्यांत दिसला. 2023 मध्ये 2 लाखांहून अधिक भारतीय गेले होते आणि पाहुण्यांच्या यादीत भारत पहिला होता. 2024 मध्ये तो आकडा सव्वा-दीड लाखाच्या दरम्यान घसरला. पण व्हिसाची सोय त्या गदारोळातही तशीच राहिली. करारावर टिकलेली सवलत ही ट्विटरवरच्या भांडणापेक्षा चिवट असते.

इथे एक बारकावा, जो परदेशात नातेवाईक असलेल्या मराठी घरांना हमखास नडतो. मुदत ठरते पासपोर्टवरून. तुम्ही कुठे जन्मलात, घरी कुठली भाषा बोलता, याला काही अर्थ नाही. पुण्याचे आईवडील भारतीय पासपोर्टवर 90 दिवसांच्या यादीत आणि न्यू जर्सीहून आलेला मुलगा अमेरिकी पासपोर्टवर 30 दिवसांच्या. त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे, पण ते भारतात येण्या-राहण्याची सोय आहे, भारतीय नागरिकत्व नाही. मालेच्या काउंटरवर त्याचा उपयोग शून्य. याउलट ग्रीन कार्ड असूनही ज्याचा पासपोर्ट अजून भारतीयच आहे, तो 90 दिवसांतच मोडतो.

‘कुठल्याही देशाच्या पर्यटकाला’ या नियमाला एक अपवादही आहे. 2025च्या एप्रिलमध्ये मालदीवने कायदा बदलून इस्रायली पासपोर्टवर प्रवेश बंद केला. कोकणातून इस्रायलला गेलेल्या आणि घरात अजून मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल कुटुंबांनाही तो तितकाच लागू होतो. दार सताड उघडं ठेवायचं की कोणापुरतं बंद करायचं, हा शेवटी राजकीय निर्णय असतो.

शिक्का मारल्यावर त्यावरची तारीख तिथेच वाचा. अधिकाऱ्याने दिलेली मुदत हीच तुमची खरी मुदत. चार रात्रींसाठी गेलेल्याला फरक पडणार नाही, पण महिना-दीड महिना राहून डायव्हिंग शिकणाऱ्याला पडतो.

मग काउंटरवर काय काय मागतात?

मुंबईच्या काउंटरवरची मुलगी मालदीव सरकारची नोकर नाही, तरी ती एवढी चौकशी करते, कारण पैसे तिच्या कंपनीचे जातात. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या नियमांनुसार, एखाद्या प्रवाशाला प्रवेश नाकारला गेला तर त्याला परत न्यायची जबाबदारी त्याला आणणाऱ्या विमान कंपनीवर येते. म्हणून कंपन्या प्रत्येक देशाच्या अटींची माहिती संगणकावर उघडून बसतात आणि शंका आली की बोर्डिंग पासच देत नाहीत. या खेळात खरा द्वारपाल बऱ्याचदा मुंबईतच उभा असतो.

अटी तशा मोजक्या आहेत. पासपोर्टची मुदत: मालदीवच्या इमिग्रेशनला किमान 1 महिना शिल्लक चालतो. ट्रॅव्हल एजंट सहा महिने सांगतात, ते सावधगिरी म्हणून. पण वाटेत दुसऱ्या देशात थांबणार असाल तर तिथली अट वेगळी असू शकते, तेव्हा एजंटचं ऐकलेलं बरं. परतीचं किंवा पुढच्या देशाचं पक्कं तिकीट. मुक्कामाचं पक्कं बुकिंग आणि तेवढ्या दिवसांचा खर्च झेपेल एवढे पैसे किंवा कार्ड. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून येत असाल तर लशीचा दाखला. मुंबईहून थेट जाणाऱ्याला तो लागत नाही, नैरोबीहून येणाऱ्याला लागतो.

बुकिंगची अट वाचताना लोक एक गोष्ट विसरतात. ‘पक्कं बुकिंग’ म्हणजे सगळ्या रात्रींचं. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं आणि रिसॉर्ट लांबच्या प्रवाळवलयात असलं, तर पहिली रात्र माले किंवा शेजारच्या हुळहुमालेत काढावी लागते. पॅकेजच्या कागदावर ती रात्र नसते, मग अधिकारी विचारतो, ‘आज कुठे राहणार?’ आणि नवरा बायकोकडे बघतो. बुकिंग नोंदणी असलेल्या हॉटेलात किंवा गेस्ट हाउसमध्ये हवं. ‘मित्राच्या मित्राकडे’ हे उत्तर चालत नाही.

आणि इमुगा. हा मालदीव इमिग्रेशनचा ऑनलाइन प्रवासी जाहीरनामा. विमान सुटण्याआधीच्या 96 तासांत, म्हणजे चार दिवसांत, भरायचा. नाव, पासपोर्ट, विमान, मुक्काम, आरोग्याची माहिती, फोटो. भरला की क्यूआर कोड मिळतो. जातानाही भरायचा आणि परत निघतानाही, हे दुसरं बरेच जण विसरतात आणि मालेच्या विमानतळावर वायफाय शोधत फिरतात. पोराटोरांसकट प्रत्येकासाठी वेगळा.

तो पूर्ण फुकट आहे, हे ठळकपणे सांगायला हवं, कारण शोधयंत्रात ‘मालदीव व्हिसा फॉर्म’ टाकलं की सरकारी दिसणाऱ्या आणि डॉलरमध्ये फी मागणाऱ्या साइट वर येतात. खऱ्या साइटच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट एमव्ही’ असा असतो. ज्या पानावर कार्डाचा नंबर मागितला, ते पान बंद करा.

लग्नानंतर आडनाव बदललं नाही, अडवतील का?

नाही. नव्या जोडप्यांचा हा सर्वांत लाडका प्रश्न आणि त्यावर व्हॉट्सॲपवर भरपूर अफवा. लग्नाचा दाखला ही प्रवेशाची अट नाही. पाहिजे ते एवढंच की पासपोर्ट, तिकीट आणि इमुगा या तिन्हींवर नाव अक्षरशः एकच असावं. पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि उत्साहाच्या भरात तिकिटावर सासरचं, असं झालं की गाडी अडते आणि ती मुंबईतच अडते. हनीमूनपुरतं माहेरच्या नावाने जा, बाकीचे कागद सावकाश बदला.

बॅगेत काय नको?

इमिग्रेशन माणूस तपासतं, कस्टम्स सामान तपासतं. भारतीय प्रवासी पहिल्याची धास्ती घेतात आणि अडकतात दुसऱ्यात.

मालदीव हा इस्लाम हा राज्यधर्म असलेला देश आहे. 2008च्या राज्यघटनेनुसार मुस्लिम नसलेल्याला तिथलं नागरिकत्व मिळत नाही. जाहिरातीतल्या फोटोंत हे दिसत नाही, कारण पर्यटनाची रचनाच तशी केली गेली: एक बेट, एक रिसॉर्ट, स्थानिक वस्ती दुसऱ्या बेटावर. रिसॉर्टच्या बेटावर वाइन मिळते, बिकिनी चालते. वस्तीच्या बेटावर यातलं काहीच चालत नाही. 2009-10च्या सुमारास धोरण बदललं आणि माफुशीसारख्या वस्तीच्या बेटांवर स्वस्त गेस्ट हाउस निघाली. मध्यमवर्गीय भारतीयांना मालदीव परवडू लागलं ते यामुळे. पण तिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी ‘बिकिनी बीच’ म्हणून वेगळा किनारा आखलेला असतो. बुकिंग करताना ‘रिसॉर्ट’ आणि ‘गेस्ट हाउस’ यांतला फरक केवळ भाड्याचा नाही, हे आधी समजून घ्या.

दारू देशात आणायला मात्र सगळ्यांनाच बंदी. रिसॉर्टवर विकत मिळते म्हणून स्वतःची नेता येत नाही. मुंबईच्या ड्यूटी फ्रीमध्ये घेतलेली सीलबंद बाटलीही नाही आणि गोव्याहून मित्रांसाठी घेतलेली काजूची फेणीही नाही. सामान एक्स-रेमधून जातं, बाटली लपत नाही. डुकराचं मांस, अश्लील साहित्य आणि अर्थातच अमली पदार्थ यांवरही बंदी. औषधं नेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या.

कस्टम्सच्या बंदीच्या यादीत ‘पूजेच्या मूर्ती’ हाही शब्द आहे. आपल्याकडे प्रवासात पिशवीच्या कप्प्यात गणपतीची किंवा बाळकृष्णाची छोटी पितळी मूर्ती ठेवणारे कितीतरी लोक आहेत. ती घरीच देव्हाऱ्यात राहू द्या. गळ्यातलं मंगळसूत्र हा दागिना आहे, त्याची काळजी करू नका. कोणाला हा नियम खटकेल, मलाही तो फार उदार वाटत नाही. पण दुसऱ्याच्या घरी जाताना घरमालकाचे नियम पाळायचे की घरीच बसायचं, एवढाच पर्याय पाहुण्याला असतो.

धूम्रपानाचे नियम हल्लीच कडक झालेत. 2024च्या नोव्हेंबरपासून ई-सिगारेट म्हणजे व्हेप आणायला बंदी आहे, पर्यटकांनाही. आणि 1 नोव्हेंबर 2025 पासून, ज्यांचा जन्म 1 जानेवारी 2007 रोजी किंवा त्यानंतर झाला त्यांना तंबाखू विकत घेणं, वापरणं आणि त्यांना कोणी विकणं, सगळं बेकायदा आहे. हाही नियम पाहुण्यांना लागू. वय वाढलं तरी या पिढीला सूट मिळणार नाही, ही त्यातली गंमत. बरोबर कॉलेजातली मुलं असतील तर त्यांना विमानात बसण्याआधीच सांगा.

परत येताना प्रवाळाचे तुकडे किंवा कासवाच्या कवचाच्या वस्तू उचलून आणू नका. किनाऱ्यावर फुकट पडलेलं दिसलं तरी नेण्याला बंदी आहे.

व्हिसा फुकट, मग बिल एवढं का फुगतं?

कारण दारात घेतले नाहीत ते पैसे आत घेतले जातात. रिसॉर्ट आणि हॉटेलांत ‘ग्रीन टॅक्स’ माणशी दर रात्री 12 डॉलर, वस्तीच्या बेटांवरच्या 50 खोल्यांपर्यंतच्या गेस्ट हाउसमध्ये 6 डॉलर. हे दर 1 जानेवारी 2025 पासून दुप्पट झाले. दोघांचे पाच रात्रींचे रिसॉर्टवर 120 डॉलर झाले की. त्यावर पर्यटन सेवांवरचा जीएसटी, जो जुलै 2025 पासून 17 टक्के आहे, आणि बहुतेक ठिकाणी 10 टक्के सेवा शुल्क. शिवाय देश सोडतानाचा कर आणि विमानतळ विकास शुल्क. इकॉनॉमीच्या परदेशी प्रवाशाला डिसेंबर 2024 पासून प्रत्येकी 50, म्हणजे एकूण 100 डॉलर. हे तिकिटातच धरलेले असतात, त्यामुळे दिसत नाहीत. बिझनेस क्लासला आणखी जास्त.

व्हिसाची फी घेणाऱ्या देशांपेक्षा हे महाग पडतं का? बऱ्याचदा हो. पॅकेजची किंमत विचारताना ‘सगळे कर धरून किती?’ असा प्रश्न लिहूनच विचारा, फोनवर नको.

परदेशात व्हिसा नको आणि आपल्याच लक्षद्वीपला परवाना, हा काय न्याय?

हा आक्षेप रास्त वाटतो. लक्षद्वीपला जायचं तर बाहेरच्या भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो आणि तो 1967च्या नियमांपासून चालत आला आहे. पण दोन्हीकडची बेटं सारखी दिसली तरी दोन्हीकडचं गणित उलटं आहे. मालदीवने पर्यटकांसाठी बहुतेक निर्मनुष्य बेटं वेगळी काढली आणि वस्ती वेगळी ठेवली. लक्षद्वीपमध्ये बेटं 36 आणि त्यातल्या वस्तीच्या बेटांवर लोक दाटीने राहतात. गोडं पाणी मोजकं, जहाजांतल्या आणि विमानातल्या जागा मोजक्या. जवळजवळ सगळी मूळ लोकसंख्या अनुसूचित जमातींत मोडते, तिच्या जमिनीचं आणि जगण्याचं रक्षण हाही परवान्याचा हेतू. पाहुण्यांची संख्या आवरण्याचा तो एक नळ आहे. मालदीव तोच नळ किमतीने आवरतं: एका रात्रीचं भाडं ऐकून अर्धे लोक आपोआप गळतात. यांतला कुठला मार्ग जास्त न्यायाचा, यावर वाद होऊ शकतो. परवान्यासाठी निदान श्रीमंत असावं लागत नाही, असं माझं मत.

तिथे जाऊन नोकरी शोधली तर?

इथे कृपा करून फसू नका. पर्यटक म्हणून मिळालेल्या शिक्क्यावर काम करता येत नाही, मग ते रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातलं असो की लग्नाचे फोटो काढून पैसे घेण्याचं. 90 दिवसांच्या करारातही नोकरी बसत नाही. नोकरीसाठी तिथल्या मालकाने आधी सरकारकडून मंजुरी काढायची आणि ती हातात आल्यावर तुम्ही निघायचं, असा क्रम आहे.

हॉटेल मॅनेजमेंट झालेल्या मुलांना गाठणारे दलाल हाच क्रम उलटा सांगतात. ‘आत्ता टुरिस्ट म्हणून जा, तिथे गेल्यावर वर्क परमिट करून देतो.’ मुलगा काउंटरवर सहलीला आलोय म्हणतो. बॅगेत शेफचा कोट आणि शैक्षणिक प्रमाणपत्रं, मुक्कामाचं बुकिंग दोन रात्रींचं आणि परतीचं तिकीट दोन महिन्यांनंतरचं. अधिकारी असे चेहरे रोज बघतो. परत पाठवलं तर दलालाला दिलेले पैसे बुडतात. आत घेतलं तर त्याहून वाईट, कारण परमिटशिवाय काम करणाऱ्याला पगार मिळाला नाही तरी तक्रार करायला तोंड उरत नाही. दलालाकडे एकच कागद मागा: तुमच्या नावाची, मालकाच्या नावाची, निघण्याआधीची मंजुरी. तो ‘तिथे मिळेल’ म्हणाला की पैसे खिशातच ठेवा.